कोणाचं पाणी गार?

गोजाबाईची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी संपलेलो होतो. लोक सौजन्यानं म्हणतात, चक्कर आली असेल. पण चक्कर येऊन पडलेला माणूस स्वतःच्या शोकसभेतली भाषणं ऐकत नाही. मी दोन ऐकली, आणि दोन्ही पडेल झाली.

साल त्रेपन्न, एप्रिलचा शेवट. रस्त्याच्या कामावर हजेरी-कारकून म्हणून नेमणूक झाल्याचा कागद खिशात घालून मी मोखाड्याहून पोशेऱ्याकडे पायी निघालो होतो. जव्हारच्या पठारावर वाढलेला मुलगा; ऊन म्हणजे पापड वाळवायची सोय, एवढीच माझी समज. डोक्यावर नवी सोला हॅट होती. पहिल्या अर्ध्या मैलात मला उडणारा एकही कावळा दिसला नाही. सगळे चालत होते. दुसऱ्या मैलाला माझी सावली पायाखाली शिरून बसली ती बाहेर यायला तयार होईना. एका सरड्यानं माझ्याकडे ज्या कणवेनं पाहिलं, तशी कणव मला पुढे माझ्या लग्नातसुद्धा कोणी दाखवली नाही. मग मी एका खडीच्या ढिगाला नमस्कार केला, त्याला 'साहेब' म्हणालो आणि आडवा झालो.

तेवढ्यात समोरच्या वळणावर सूर्य उगवला. एक डोक्यावर होताच, हा दुसरा. तो झुलत झुलत थेट माझ्याकडे येत होता. जवळ आला तेव्हा त्याच्याखाली एक बाई दिसली. चाळिशी ओलांडलेली, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, आणि डोक्यावर लखलखीत पितळी घागर. ती माझ्या उशाशी उभी राहिली. घागर उतरवली नाही. मान न हलवता खाली माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं,

"आधी कोनाचं पानी प्यालास?"

मरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न असा विचारतात हे मला ठाऊक नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, "मोखाड्याला. हॉटेलात."

"त्याला पानी म्हनतात? आनि वाटंत?"

"कोणाचंच नाही."

"त्या कमूचं नाय ना?"

"कमू कोण?"

हे ऐकून तिचा चेहरा असा उजळला की तिसरा सूर्य उगवतोय की काय, असं मला वाटलं. तिनं घागर उतरवली आणि मला तांब्यामागून तांब्या पाजला. पाचवा तांब्या अर्धा तोंडात, अर्धा हॅटमध्ये. त्या पाण्यात फक्त चहाची पूड टाकायची राहिली होती, इतकं ते कढत होतं.

"गार हाय ना?" तिनं विचारलं.

माझा जीव तिच्या हातात होता. मी म्हणालो, "बर्फ आहे, बाई." सरकारी नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं.

तर ही गोजाबाई. पोशेऱ्याची. जातीनं कोळी, पण डोंगरातली शेती करणारी. समुद्र तिनं पाहिला नव्हता आणि मासाही पावसाळ्यातल्या ओढ्यापेक्षा मोठा पाहिला नव्हता. नवरा देवजी त्याच रस्त्यावर खडी फोडायचा. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन बैलांशी. बोलण्याचं बाकी सगळं काम घरात गोजाबाईकडे होतं.

संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली होती. राजा जाऊन सरकार आलं, एवढं डोंगरात पोचलं होतं. सरकार कसं दिसतं हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. मोखाड्याहून पोशेऱ्यावरून खोडाळ्यापर्यंत पक्का रस्ता करायचं ठरलं, तेव्हा ते दिसलं. सरकार म्हणजे खाकी चड्डीतला ओव्हरसियर, त्याच्या मागे सोला हॅटमधला मी, आणि प्रत्येक मैलावर साठ माणसांची टोळी. शेतं उन्हाळ्यात मोकळी, नागली पेरायला पाऊस हवा, म्हणून रस्त्याचं काम उन्हाळ्यातच. सकाळी आठ ते बारा आणि एक ते पाच, असं वेळापत्रक कुठल्यातरी गार शहरात बसून कोणीतरी आखलं होतं.

प्रत्येक मैलावर पाणी पाजायला एक बाई ठेवायची, असा नियम होता. आमच्या मैलावर दोन होत्या. कागदावर कारण लिहिलं होतं: 'पाण्याचे ठिकाण व काम यांत अंतर जास्त असल्यामुळे.' अंतर जास्त होतं यात शंका नाही. फक्त ते मैलात मोजण्यासारखं नव्हतं. साठांतले चाळीस आजूबाजूच्या पाड्यांतले कोळी, कोकणा, वारली. उरलेले वीस काथोडी, म्हणजे कातकरी. काथोड्यांच्या हातचं पाणी बाकीचे पीत नसत. राज्यघटनेला तीन वर्षं झाली होती, म्हणून तसं लिहायची सोय नव्हती; आणि घटना पोशेऱ्याच्या वळणापर्यंत पायी येत होती, म्हणून तसं वागायची सोय होती.

चाळिसांना पाणी पाजायची गोजाबाई. ती ऐनाच्या झाडाखाली बसे. विसांना पाजायची कमू, काथोड्यांच्या टोळीतली, पंचविशीची, काटक, कमी बोलणारी. ती वीस पावलांवर पळसाखाली बसे. सरकारनं दिलेली पितळी घागर गोजाबाईला मिळाली होती. कमूकडे तिचे स्वतःचे दोन तुंबे होते. भोपळा वाळवून, आतून कोरून पाण्यासाठी करतात ते.

इथे गोजाबाईच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं पटायचं नाही. ती जळकी होती. पण तिचा मत्सर कोत्या मनाचा नव्हता. तो ऐसपैस होता, त्यात सगळ्यांना जागा होती. शेजारच्या गौराबाईला तीन दिवस ताप आला तर ही सांगायची, मला पाच दिवस आलता. देवजी बैलाच्या मानेवरून हात फिरवायचा तेव्हा ही म्हणायची, "माझी मान दुखते काय, कधी विचारलंस?" तो बैल पुढे विकला. स्वतःच्या मुलीच्या, वेणूच्या, लग्नात सगळे वेणूकडेच बघतात म्हणून ती अर्धा दिवस नागलीच्या कणगीमागे रुसून बसली होती. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं तिला कधीच वाटलं नाही. दुसऱ्याचं चांगलं आपल्यापेक्षा बोटभर कमी असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि त्या उन्हाळ्यात तिला जे हवं होतं ते एकच. मैलावर पाणी म्हटलं की गोजाबाईचं पाणी. तिनं वळणावरून "पानीऽऽ" अशी हाळी दिली की माणसं घण टाकून उठत. मी हजेरी घेताना तीच माणसं जांभई देऊन 'हां' म्हणत. या गोष्टीचा मला हेवा वाटायचा, हे मी आज कबूल करतो. माझ्याकडे सरकारी शिट्टी होती. ती वाजवली की फक्त कोतवाल पक्षी उत्तर द्यायचे.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला भडका उडाला. गोजाबाई झिऱ्यावरून यायची होती. झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खड्डा. वाटीवाटीनं भरतो, आणि उन्हाळा चढेल तसा मागे मागे सरकतो. तिला उशीर झाला. सखा, तिचा धाकटा दीर, घण मारून मारून एवढा कासावीस झाला की तो सरळ पळसाखाली गेला आणि कमूसमोर ओंजळ धरून उभा राहिला. कमू घाबरली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं. कमूनं तुंब्यातून पाणी ओतलं. सखा प्याला, थांबला, आणि असा मोठ्यानं बोलला की दोन टोळ्यांनी ऐकलं:

"आयला! हे गार हाय!"

नेमकी त्याच क्षणी वळणावर घागर उगवली.

आता जात निघणार, पंचायत बसणार, सखाला दंड पडणार, आणि हे सगळं हजेरीपुस्तकात कोणत्या रकान्यात लिहायचं, याचा मी विचार करू लागलो. गोजाबाई आली. घागर उतरवली. दिराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय म्हनलास?"

"काय नाय, वयनी. तहान लागलती..."

"तहान लागली तर पी. कोनाचं बी पी. गटारीचं पी. पन गार काय म्हनलास?"

"आता गार होतं म्हनून..."

"माझं काय ऊन हाय?"

सखा सत्यवादी माणूस नव्हता, पण उन्हानं त्याचं डोकं चालत नव्हतं. तो म्हणाला, "तुझ्या पान्यात अंडं टाकलं तर उकडंल, वयनी."

तो कोणाच्या हातचं प्याला याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. ते बहुधा तिच्या लक्षातच आलं नाही. कमूचं पाणी गार, हा घाव एवढा खोल होता की जात त्याच्या वरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सखाबरोबर तिघे पळसाखाली गेले. चौथ्या दिवशी अकरा. चोरून जायचे, झुडपाला जायचं निमित्त करून. ऐनाखाली गोजाबाई घागरीवर हात ठेवून बसलेली असायची आणि प्रत्येकाला विचारायची, "तोंड ओलं का तुझं?"

खरी गोष्ट अशी होती की दोष तिचा नव्हताच, घागरीचा होता. पितळ तापतं, हे कळायला शाळा लागत नाही. पण ती घागर सरकारनं दिलेली, अख्ख्या मैलावर एकच, आणि ती कमूला नव्हती. गोजाबाई ती रोज चिंचेनं आणि राखेनं घासायची. दोन फर्लांगांवरून ती चमकते याचा तिला एवढा अभिमान, की ज्या चमकण्यानं ती तापायची त्या चमकण्यात काही खोट असेल हे तिच्या मनाला शिवेना. तिनं घागरीला ओलं फडकं गुंडाळलं. मग चमक दिसेना म्हणून काढलं. पळसाची पानं बांधली, ती वाळून गळाली. देवजी त्या दिवसाचं आपलं चौथं वाक्य बोलला: "मडकं घे." तिनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. देवजीच्या ते किती लक्षात आलं, सांगता येत नाही.

मग एके दुपारी मी जे पाहिलं ते मी पाहावं अशी तिची इच्छा नव्हती. जेवणाची सुट्टी होती. साठ माणसं मिळेल त्या सावलीत चेंगरून झोपली होती. कमू पळसाच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून बसली होती. गोजाबाई उठली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी हॅट तोंडावर घेतली होती, आणि हॅटला हवेसाठी ठेवलेलं एक भोक होतं. ती दबक्या पावलांनी वीस पावलं चालली. तुंबा उचलला. तळहातावर पाणी घेतलं, जिभेला लावलं. मग ओंजळ भरून प्याली. मग दुसरी. तिसऱ्या ओंजळीला ती तिथेच खाली बसली, एखादी बाई माहेरचं वाईट वर्तमान कळल्यावर बसावी तशी.

कमूचे डोळे उघडे होते. तिनं तुंब्याचं तोंड जरा गोजाबाईकडे कलतं केलं, एवढंच.

गोजाबाई ताडकन उठली, वळली, आणि तिला हॅटच्या भोकातला माझा डोळा दिसला.

"काय बघतंस, हजेरी?" ती मला 'हजेरी' याच नावानं हाक मारायची. "माशी पडलती. काढली."

"हो ना," मी म्हणालो.

ती माझ्या शेजारून गेली, चार पावलं जाऊन थांबली, आणि पाठ फिरवूनच हळू म्हणाली, "गार हाय रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर सूर्य उगवला नाही. मातीचं जाडजूड मडकं उगवलं. "ती घागर चांगली हाय, रस्त्यावर खराब होते," असं तिनं न विचारता सगळ्यांना सांगितलं. आणि मग त्या मैलावर जे सुरू झालं त्याला युद्धाशिवाय दुसरा शब्द नाही.

कमूनं दोनाचे चार तुंबे केले. गोजाबाई तांबडं फुटायच्या आत झिऱ्यावर जाऊ लागली. कमू तिच्याही आधी जाऊ लागली. गोजाबाईनं मडक्याभोवती ओली वाळू लिंपली. कमूनं तुंबे झाडावर वाऱ्याला टांगले. गोजाबाईनं कैऱ्या उकडून, चोळून, मीठ घालून पाण्यात कालवल्या. दोन दिवसांनी कमूनं नागलीची पातळ पेज आणली, मीठ घातलेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मिठाचा खडा कुठून आणायची तीच जाणे. आणि आता कोण कोणाचं पितो याला धरबंध राहिला नाही, कारण या दोघी माणसाला निवडायला वेळच देत नव्हत्या.

"तिचं किती प्यालास?"

"दोन, गोजाबाय."

"माझं तीन पी."

"पोटात जागा नाय गं."

"तिच्यासाठी होती?"

मग तो बिचारा तीन प्यायचा. हे पाहून कमू पळसाखालून यायची, काही बोलायची नाही, त्याच्यासमोर तुंबा धरून उभी राहायची. तिच्या न बोलण्याला गोजाबाईच्या बोलण्याइतकंच वजन होतं. पाण्यासाठी धावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पाण्यापासून पळणारी फक्त त्या वर्षी पाहिली. तुका नावाचा एक कोकणा तर खडीच्या ढिगामागे लपायचा. त्याला गोजाबाई कान धरून बाहेर काढायची आणि पाजायची.

मेच्या मधल्या आठवड्यात ऊन असं तापलं की पोशेऱ्याची म्हातारी माणसंही, ज्यांच्या लहानपणी सगळंच जास्त होतं, ती म्हणाली, असं नव्हतं. वारा पडला. गुरं झाडाखालून उठेनात. घणाचा दांडा हातात धरवेना. सोमवारी शेजारच्या मैलावरून डोलीतून एक माणूस खोडाळ्याच्या बाजूला नेताना दिसला. मंगळवारी दोन. त्यातला एक परत आला तो झाकून. त्या मैलावर एकच बाई होती, झिरा आटला होता, आणि ती बिचारी दुपारपर्यंत दोन खेपा करून स्वतःच आडवी झाली होती. मजूर पाण्याची वाट बघत काम करत राहिले. आधी त्यांचे पाय वळले, मग घाम थांबला, मग ते भलतंच बोलू लागले. ऊन लागतं ते असं, पायरीपायरीनं. आणि शेवटच्या पायरीवर माणसाला तहान लागत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

मी ओव्हरसियरला चिठ्ठी लिहिली, की दुपारचं काम बंद ठेवावं. उत्तर आलं की वर विचारणा केली आहे.

बुधवारी आमच्या मैलावर जिव्या गेला असता. काथोडी टोळीतला हा उंच, गर्विष्ठ गडी. काम संपल्याशिवाय पाणी पिणार नाही अशी त्याची ऐट. दोन्ही बायांना त्यानं दोन दिवस दाद दिली नव्हती. दुपारी दीडच्या सुमाराला मी पाहिलं, तो घण मारतोय. पण हातात घण नव्हता. रिकामे हात वर नेऊन खाली आणत होता. अंग कोरडं ठणठणीत. मी हाक मारली तर म्हणाला, "पाऊस आला, कौलं सारखी करतो." आणि कोसळला.

शिट्टी माझ्या खिशात होती, ती मला आठवलीसुद्धा नाही. ऐनाखालून गोजाबाई निघाली आणि पळसाखालून कमू. दोघी एकदमच पोचल्या.

"सरक, मी वतते," गोजाबाई म्हणाली.

"माझ्या टोळीचा हाय," कमू म्हणाली. त्या महिन्यात मी ऐकलेलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

"टोळी तुझी असंल, तहान माझी हाय!"

मग दोघींनी एकदम ओतलं. डोक्यावर, छातीवर, काखेत. गोजाबाईनं त्याचं डोकं सरळ आपल्या मांडीवर घेतलं, लुगड्याच्या पदरानं वारा घातला, नाक धरून तोंड उघडलं. कमूनं तोंडात थेंब थेंब पेज सोडली. वारा घालता घालता गोजाबाई खेकसत होती, "हळू सोड, ठसकंल. एवढी घाई काय? पयला नंबर पायजे काय?" सावलीत ओढून, भिजवत, वारा घालत, तासाभरानं जिव्यानं डोळे उघडले.

"कोनाच्या पान्यानं उठलास?" गोजाबाईनं विचारलं.

"कौलं झाली काय?" तो म्हणाला.

कोणाच्या पाण्यानं जिव्या उठला, यावर पुढे हंगामभर वाद चालला. दोन तट पडले. आणि गंमत अशी की ते जातीप्रमाणे पडले नाहीत. सखा कमूच्या बाजूनं होता, जिव्याची बायको गंगी गोजाबाईच्या.

त्या आठवड्यात त्या रस्त्यावर सात माणसं ऊन लागून पडली, तिघं गेली. आमच्या मैलावरचा एकही गेला नाही. म्हणून शनिवारी जव्हारहून एक डॉक्टर जीपमधून आला. तरुण, चष्म्याचा, सभ्य. त्यानं माणसांच्या जिभा पाहिल्या, कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि मला विचारलं, "इथं असं काय केलंत तुम्ही?"

मी मोठ्या साहेबी आवाजात सांगणार होतो. पण तेवढ्यात एका बाजूनं मडकं आलं आणि दुसऱ्या बाजूनं तुंबा. डॉक्टर दोन्हींचं प्याला. दोघी त्याच्या कंठाच्या घाटीकडे टक लावून पाहत होत्या. साठ माणसं कामं सोडून पाहत होती.

"सांग," गोजाबाई म्हणाली. "शिकलेला हायेस. कोनाचं गार?"

डॉक्टर हसला आणि म्हणाला, "दोन्ही सारखंच आहे, मावशी."

जीप धुळीत दिसेनाशी झाली. मग गोजाबाई थुंकली. "खोटारडा मेला."

"खोटारडा," कमू म्हणाली. त्या दोघींचं एकमत झालेलं मी पाहिलं ते त्या एका विषयावर.

डॉक्टर खोटारडा नव्हता, चांगला माणूस होता. त्यानं परत जाऊन सविस्तर अहवाल लिहिला. या मैलावर मजुरांना दर तासाला सक्तीनं पाणी पाजलं जातं, त्यात मीठ असतं, आणि विशेष म्हणजे सर्व जातींचे लोक दोन्ही बायांच्या हातचं पितात, असं त्यानं कौतुकानं लिहिलं. सगळीकडे असंच व्हावं, अशी शिफारस केली. त्या अहवालामुळे दुपारचं काम अकरा ते चार बंद ठेवायचा हुकूम आला. तोवर ऊन उतरू लागलं होतं, पण हुकूम आला हे खरं.

त्याच्याबरोबर दुसरा कागद आला. सर्व मजूर दोन्ही स्त्रियांच्या हातचे पाणी पितात असे निदर्शनास आल्याने या मैलावर दोन पाणी देणाऱ्या स्त्रियांची आवश्यकता राहिलेली नाही. सबब नंतर नेमलेल्या स्त्रीस कमी करण्यात यावे.

नंतर नेमलेली म्हणजे कमू. तो कागद मीच वाचून दाखवला. दोनदा, कारण पहिल्यांदा कोणाला पटला नाही. कमूनं पळसावरचे चारही तुंबे सोडले, दोरी गुंडाळली आणि काखेला मारली. जाताना ती ऐनाखाली थांबली. गोजाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही, मडक्यातली काडी काढत बसली. कमू गेली.

त्या दिवशी गोजाबाई फार खुशीत होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं; अख्खा मैल, साठही माणसं. तिनं हाळी दिली की सगळे तिच्याकडेच यायचे, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सखाला पाणी दिलं आणि विचारलं, "कसं हाय?"

"बरं हाय."

"बरं? तिच्यापेक्षा?"

"आता तिचं कोठं हाय, वयनी?"

"असतं तर?"

"तिचं जरा गार असायचं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तुका म्हणाला, तिचं लई गार असायचं. चौथ्या दिवशी जिव्या म्हणाला, तुंब्यातलं पाणी दातांना लागायचं. हजर कमूला हरवता येत होतं. तिच्या आधी उठता येत होतं, वाळू लिंपता येत होती. गेलेल्या कमूचं पाणी रोज आपोआप गार होत चाललं होतं आणि त्याला काही करता येत नव्हतं. आठव्या दिवशी तर ज्यानं कमूचं पाणी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं असा एक वारली म्हातारा म्हणाला, "तिच्या पान्याची गोष्टच येगली." गोजाबाईनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. "हजेरी, वर लिही. दोन बाया पायजेत म्हनावं."

"काय कारण लिहू?"

खरं कारण तिला ठाऊक होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना. "अंतर लई हाय, लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं. कमूला शोधायला जिव्याला पाठवलं. ती नवऱ्याबरोबर वाड्याच्या बाजूला कोळशाच्या भट्टीवर गेली असं कळलं.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. जूनच्या सातव्या तारखेला पावसामुळे काम बंद झालं. पुढच्या वर्षी रस्ता ठेकेदाराकडे गेला. त्यानं पाण्यासाठी बाई ठेवली नाही. मजुरांनी पाणी घरून आणावं, असं ठरलं.